नावाच्या रकान्यातले टिळक

आंध्र प्रदेशात सब-कलेक्टर म्हणून माझी पहिली स्वतंत्र नेमणूक झाली ती २००३ साली, गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील एका उपविभागात. तेलुगु मोडकीतोडकी येत होती, उत्साह मात्र उदंड होता. त्याच सुमारास उपविभागातील सर्व कुटुंबांच्या नोंदी संगणकात भरण्याचे काम निघाले. गावोगावच्या हस्तलिखित याद्यांमध्ये नावे वाटेल तशी लिहिलेली होती. कुठे दोन इनिशियल आणि एक नाव, कुठे चार शब्दांचे सलग नाव, तर कुठे नुसता एकच शब्द. मला ही सगळी बेशिस्त वाटली. मी एक तक्ता आखून दिला. त्यात तीन रकाने होते : नाव, मधले नाव आणि आडनाव. सोबत एक लेखी सूचनाही काढायचे ठरवले, की ओळीतील शेवटचा शब्द आडनावाच्या रकान्यात भरावा.

आमच्या कार्यालयातील प्रशासन अधिकारी निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. मसुदा माझ्यापुढे ठेवताना ते हळूच म्हणाले, "सर, आमच्याकडे घराण्याचे नाव आधी असते. शेवटी येते ते माणसाचे नाव."

"मग उलटे करून लिहायला सांगू या," मी म्हणालो, "संगणकाला एकच पद्धत हवी."

ते पुढे काही बोलले नाहीत. उलटे करून लिहायला कोणी कोणाला सांगितले नाही. सूचना मात्र माझ्या सहीने निघाली.

दोन महिन्यांनी पहिल्या याद्या छापून आल्या, आडनावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने लावलेल्या. मी त्या हौसेने चाळू लागलो आणि हसूच आले. बी अक्षराखाली बोस, जी खाली गांधी, एन खाली नेहरू आणि टी खाली तिलक. जणू जुन्या काँग्रेसच्या एखाद्या अधिवेशनाचे हजेरीपत्रकच कोणी माझ्या टेबलावर आणून ठेवले होते. घरी लिहिलेल्या पत्रात मी विनोदही केला, की आपल्या टिळकांची एक शाखा गोदावरीकाठी वसली आहे असे दिसते.

हा विनोद माझ्या अंगाशी आला तो वर्षभराने, सोमवारच्या तक्रार निवारण सभेत. सत्तरी ओलांडलेली एक विधवा बाई नातवाचा हात धरून आली होती. तिचे पती शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. ते वारल्याला अकरा महिने होऊन गेले होते आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा एक रुपयाही तिच्या हाती पडलेला नव्हता. सेवापुस्तकात त्यांच्या घराण्याच्या नावाचे आद्याक्षर आणि त्यापुढे बालगंगाधर तिलक असे नाव होते. मृत्यूचा दाखला आमच्या नव्या यादीवरून दिला गेला होता. त्यात नावाच्या जागी 'बाला', मधल्या नावाच्या जागी 'गंगाधर' आणि आडनाव 'तिलक'. घराण्याच्या आद्याक्षराला माझ्या तक्त्यात जागाच नव्हती, त्यामुळे ते गळून पडले होते. हे दोन कागद एकाच माणसाचे आहेत हे मान्य करायला कोषागार तयार नव्हता, आणि त्यांच्या नियमांप्रमाणे ते बरोबरच होते.

मी विचारले, "अम्मा, तुमच्या पतीचे नाव काय?"

बाईने नातवाकडे पाहिले. तो दहा-बारा वर्षांचा असेल. त्याने शाळेत कविता म्हणावी तसे खणखणीत सांगितले, "बालगंगाधर तिलक."

"आणि तुझे?"

"माझेही तेच."

"बुज्जी, गप्प बस," आजी म्हणाली. माझ्या ध्यानात यायला क्षणभर वेळ लागला. नवऱ्याचे नाव उच्चारायचे नाही ही रीत आपल्या आज्यांचीही होती. नातवाला आजोबांचे नाव ठेवायची प्रथा आंध्रात सर्रास आहे. तेव्हा या बाईने साठ वर्षे नवऱ्याचे नाव घेतले नव्हते आणि आता नातवाचेही घेता येत नव्हते, म्हणून तो घरात बुज्जी. जे नाव तिने उभ्या आयुष्यात तोंडातून काढले नाही, त्या नावातील शब्दांच्या क्रमासाठी ती अकरा महिने कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होती. आणि तो क्रम मी ठरवला होता.

मी महाराष्ट्राचा आहे हे तिला कोणीतरी सांगितले असावे. ती म्हणाली, "बाबू, तुम्ही त्यांच्याच मुलखाचे ना? आमचे सासरे बेजवाड्याला गांधींना पाहायला चालत गेले होते. हातातली अंगठी देऊन आले. त्याच वर्षी यांचा जन्म. तुमच्याकडे हे नाव कसे लिहितात ते तरी सांगा, म्हणजे तसे लिहून घेऊ."

मी कागदावर देवनागरीत 'टिळक' असे लिहिले आणि मोठ्याने वाचून दाखवले. ट कठोर, ळ आपला. बाईने मान हलवली.

"हे कोण?"

"तेच, ज्यांच्यावरून तुमच्या यजमानांचे नाव ठेवले."

"नाही बाबू, असे नाही ते. हे तुमच्याकडचे कोणी वेगळे असतील."

जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम १५ मध्ये चुकीची नोंद दुरुस्त करण्याची सोय आहे. त्याचा आधार घेऊन दाखला सुधारून द्यायला तीन आठवडे लागले. माझी सूचना मी मागे घेतली. पण यादीत अडकलेले उरलेले गांधी, बोस, नेहरू आणि तिलक मोकळे करायला पुढचे आठ महिने गेले. ते काम प्रशासन अधिकाऱ्यांनीच केले, एक शब्दही न बोलता. ते बोलले असते तर बरे झाले असते असे मला आजही वाटते.

या प्रकरणानंतर मी या नावाच्या मागे लागलो. परप्रांतात राहणाऱ्या मराठी वाचकांना नावांचा हा घोळ नवा नाही. चेन्नईत किंवा हैदराबादेत बँकेत खाते उघडताना "तुमचे इनिशियल काय?" हा प्रश्न ऐकून आपण गांगरतो आणि वडिलांचे नाव मध्ये का घालतो हे समजावून सांगता सांगता थकतो. तेलुगु पद्धतीत घराण्याचे नाव, ज्याला ते इंटिपेरु म्हणतात, सर्वांत आधी येते, बहुधा आद्याक्षरापुरतेच. माणसाला हाक मारायचे नाव शेवटी. या कानाने 'बाळ गंगाधर टिळक' ऐकून पाहा. पहिले शब्द घराचे वाटतात आणि शेवटचा शब्द माणसाचा. 'मोहनदास करमचंद गांधी', 'सुभाषचंद्र बोस', 'जवाहरलाल नेहरू' या सर्वांचे तेच होते. आपल्या भाषेत जे आडनाव आहे ते त्यांच्या भाषेत नेमके हाकेच्या नावाच्या जागी येऊन बसते. म्हणून तिकडे मुलाचे नाव बोस असते, आणि त्याच वर्षांत आपल्याकडे, त्याच नेत्याच्या प्रेमापोटी, घरोघर सुभाष जन्माला आले. प्रेम एकच, फक्त आपण नावाचे एक टोक धरले आणि त्यांनी दुसरे.

टिळकांच्या बाबतीत तर आपली अडचणच होती. त्यांचे पाळण्यातले नाव केशव, ते फारसे कोणाला ठाऊक नाही. बाळ हे घरातले हाकेचे नाव, ते कोणाचेही असू शकते. आणि टिळक हे आडनाव, ते मराठी माणूस मुलाला ठेवणे शक्य नाही. 'टिळक रामचंद्र कुलकर्णी' हे म्हणून पाहिले तरी चुकल्यासारखे वाटते. म्हणून आपण त्यांच्या नावाने रस्ते केले, चौक केले, १९२१ साली पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ काढले. मूल एकाचेही केले नाही.

आंध्रात त्याच १९२१ साली मुले जन्मत होती. याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवले गेले, त्याच वर्षी गाडिचर्ला हरिसर्वोत्तम राव हे तेलुगु पत्रकार 'स्वराज्य' पत्रातील लेखासाठी तुरुंगात गेले. पुढे लोक त्यांना आंध्र तिलक म्हणू लागले, म्हणजे हा शब्द एका माणसाच्या आडनावापासून सुटून पदवी झाला होता. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. आणि १९२१ च्या मार्चअखेर व एप्रिलच्या पहिल्या दिवशी अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक बेजवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, भरली. तिथे ठराव झाला, की ३० जूनपर्यंत टिळक स्वराज्य निधीसाठी एक कोटी रुपये उभे करायचे, एक कोटी सभासद नोंदवायचे आणि वीस लाख चरखे चालते करायचे. कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यात त्या उन्हाळ्यात खेडोपाडी हे नाव वर्गणीच्या निमित्ताने फिरले असणार. माझ्या विधवा बाईच्या सासऱ्यांची अंगठी त्यातच गेली.

त्याच वर्षी १ ऑगस्टला, लोकमान्यांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या दिवशी, पश्चिम गोदावरीतील तणुकूजवळच्या मंडपाक गावी देवरकोंड घराण्यात मुलगा झाला. हे देवरकोंड बालगंगाधर तिलक, आधुनिक तेलुगु कवितेतील मोठे नाव. त्यांच्या 'अमृतं कुरिसिन रात्रि' या संग्रहाला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोवर, १९६६ सालीच, ते निवर्तले होते. तेलुगु वाचक त्यांना नुसते तिलक म्हणतो. तिथल्या साहित्यसभेत 'तिलकांची कविता' असा उल्लेख प्रथम ऐकला तेव्हा मी चांगलाच बुचकळ्यात पडलो होतो, गीतारहस्यकारांनी कविता कधी केली म्हणून! के. बी. तिलक हे तेलुगु चित्रपट दिग्दर्शक १९२६ साली जन्मलेले. त्यांचेही पूर्ण नाव कोल्लि बालगंगाधर तिलक. १९५७ चा 'एम.एल.ए.' हा त्यांचा चित्रपट. दोघांच्याही नावात कोकणातल्या चिखलगावच्या घराण्याचे आडनाव जसेच्या तसे आहे.

जसेच्या तसे म्हणालो, पण ते खरे नाही. ती बाई 'हे कोण?' म्हणाली त्यात याचे मर्म होते. तेलुगुत ट आहे, ळही आहे, हवे असते तर 'टिळक' अचूक लिहिता आले असते. तरीही तिथे सगळे 'तिलक'च लिहितात, हिंदीतही तसेच. याला इंग्रजी स्पेलिंग कारणीभूत असावे, कारण त्यात ट-त आणि ळ-ल हा भेद उरतच नाही. शिवाय तिलक हा कपाळावरच्या टिळ्याचा संस्कृत शब्द सगळ्यांच्या ओळखीचा. परिणाम असा झाला, की आडनाव मराठी मुलखाबाहेर पडताच त्याला एक दुसरा, शुभ अर्थ चिकटला. पंजाब-दिल्लीकडच्या तिलक राज या नावात लोकमान्य शोधायला जाऊ नये, तिथे राजतिलक आहे. (१९८५ साली रवी शास्त्रींनी ज्याच्या एका षटकात सहा षटकार मारले तो बडोद्याचा गोलंदाज तिलक राज.) तमिळनाडूत मात्र 'तिलगर' असे आदरार्थी प्रत्ययासह नाव आढळते. चिदंबरम पिळ्ळै आणि सुब्रह्मण्य भारती हे दोघेही टिळकांच्या पक्षाचे. मरीना किनाऱ्यावरची सभांची जागाही 'तिलगर तिडल' झाली.

पुढाऱ्याच्या आडनावाने मुलाला हाक मारणे ही काही आपल्याच देशाची खासियत नाही. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग १७८३ साली जन्मले, त्यांचे नाव जनरल वॉशिंग्टन यांच्यावरून. गोव्याचे चर्चिल आलेमाव आहेत, आणि २०२१ साली तमिळनाडूचे मुख्यमंत्री झालेले स्टॅलिन १ मार्च १९५३ ला जन्मले, मॉस्कोतल्या स्टॅलिनच्या मृत्यूच्या चार दिवस आधी. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा विभाग १८८० सालापासूनच्या बाळांच्या नावांची यादी उघड करतो, त्यामुळे कोणते नाव कधी चढले आणि कधी उतरले हे घरबसल्या पाहता येते. आपल्याकडे जन्मनोंदणी होते, पण नावांची अशी यादी प्रसिद्ध होत नाही. माझ्यासारख्याला त्यासाठी मतदारयादीचा आधार घ्यावा लागतो.

मतदारयादीच्या पुनरीक्षणाचे काम नोकरीत अनेकदा केले. त्यात वयाचा रकाना असतो, आणि नावे वयाबरोबर वाचली की काळ दिसू लागतो. माझ्या पाहण्यातल्या याद्यांत तिलक दाट होते ते विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात जन्मलेल्यांमध्ये. बोस त्यानंतर आले, आझाद हिंद सेनेच्या खटल्यांच्या सुमाराचे. गांधी सर्वत्र. पन्नाशीच्या दशकात नेहरू दिसतात. मग स्वातंत्र्य जुने होते आणि ही नावे विरळ होत जातात. साठ-सत्तरमध्ये जन्मलेल्यांत तिलक शोधावा लागतो. राजकारणातला माणूस मुलाच्या पाळण्यापर्यंत पोचण्याचे दिवस संपले होते, ती जागा सिनेमाने घेतली.

आणि मग नव्वदीच्या दशकात जन्मलेल्यांत तिलक पुन्हा डोकावतो. बालगंगाधर गळालेला, नुसता तिलक, मागे वर्मा किंवा रेड्डी. काही घरांत तो आजोबांचा वारसा म्हणून आला, पण सगळीकडे नाही. एका तरुण बापाला मी कुतूहलाने विचारले, हे नाव कुणावरून? तो म्हणाला, "कुणावरून नाही सर. लहान आहे, शुभ आहे आणि ज्योतिषांनी त अक्षर काढून दिले होते." लोकमान्यांचे नाव घेतल्यावर त्याने नम्रपणे मान डोलावली, शाळेत शिकल्याचे आठवले म्हणून. २००२ साली हैदराबादेत जन्मलेला तिलक वर्मा भारताच्या संघात २०२३ मध्ये आला. २०२५ च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध नाबाद ६९ धावा काढून त्याने सामना जिंकून दिला. यापुढे तेलुगु घरांत जन्मणारे काही तिलक त्याचे असतील, हे सांगायला मतदारयादी नको. मला याचे थोडे वाईट वाटले, हे लपवत नाही. मराठी माणूस आहे. पण मग त्या बाईचे 'असे नाही ते' आठवते. तिच्या दृष्टीने ते नाव तिच्या मास्तरांचे होते, लोकमान्यांकडून उसने आणलेले नव्हते.

रकान्यांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही, उलट अधिक कडक झाला आहे. पासपोर्टच्या अर्जात आडनाव आणि नाव असे दोन रकाने असतात. दक्षिणेतील कित्येकांनी आडनावाचा रकाना कोरा सोडला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना पर्यटक व्हिसावर प्रवेश नाकारला तेव्हा त्यांची विमानतळावर धांदल उडाली. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्तीमुळे १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच पुरावा म्हणून चालणार आहे. म्हणजे दाखल्यावर शब्दांचा जो क्रम पडेल तो जन्मभर सोबत राहणार. मी नवीन अधिकाऱ्यांना इतकेच सांगत असे, की आईबापांनी सांगितलेले पूर्ण नाव आधी एका अखंड ओळीत लिहून घ्या, रकाने नंतर भरा आणि कोणता शब्द कोणत्या रकान्यात हे त्यांनाच विचारा.

तो बुज्जी आता पुण्यात आहे, हिंजवडीत एका संगणक कंपनीत. आजी केव्हाच गेली. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. त्याला मुलगी झाली होती आणि महापालिकेचा जन्मनोंदणीचा अर्ज पुढ्यात होता. "सर, वडिलांचे आडनाव या रकान्यात काय लिहू? तिलक लिहिले तर ती टिळक होईल!" मी म्हटले, घराण्याचे नाव पूर्ण लिही, आद्याक्षर नको. तिलक तुझ्या नावात राहू दे. तेवढे झाल्यावर तो हसत म्हणाला, की पुण्यात घर मिळायला त्याला मुळीच त्रास झाला नाही. घरमालकांनी भाडेकराराचा मसुदा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "कोणते टिळक हो तुम्ही?" त्याने तीनदा समजावून सांगितले. तरी जिन्याखालच्या टपालपेटीवर घरमालकांनी स्वतःच्या हाताने नाव रंगवले आहे, ट आणि ळ घालून. त्याचा फोटो त्याने मला पाठवला. पुसून दुरुस्त करून घे असे मी सुचवले, तर म्हणाला, "राहू द्या सर, टपाल बरोबर येते."